वर चढणारा पाइप

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचं बॉनेट उघडलं की इंजिन जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो मागच्या बाजूला आडवा पसरलेला ॲल्युमिनियमचा इंटरकूलर. बॉनेटवर जे मोठं तोंड उघडलेलं असतं, ते या इंटरकूलरला हवा मिळावी म्हणून. इंजिन त्याच्या पुढे आणि खाली, तेही आडवं: दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. जळालेला वायू बाहेर पडायच्या वाटा या इंजिनात खालच्या अंगाला आहेत. टर्बो मात्र बसवलाय वर, मागे, गाडीच्या उजव्या बाजूला, केबिनच्या पत्र्याला लागून. त्यामुळे वायूने आधी इंजिनाच्या पोटाखाली उतरायचं, दोन्ही बाजूंचे प्रवाह तिथे एकत्र व्हायचे, मग एका पाइपातून वर चढून टर्बोत शिरायचं, त्याचं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या पाइपाने पुन्हा खाली उतरून सायलेन्सरच्या वाटेला लागायचं. वर चढणाऱ्या पाइपाला अमेरिकेतले मेकॅनिक ‘अप-पाइप’ म्हणतात आणि उतरणाऱ्याला ‘डाउनपाइप’.

अप-पाइप लांबीने जेमतेम हातभर. पण 2002 ते 2005 या चार वर्षांच्या अमेरिकी डब्ल्यूआरएक्समध्ये हा तुकडा घरच्या घरी बदलण्याचं काम इतक्यांनी केलं आहे की टर्बोच्या गाडीचं एक्झॉस्ट समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड. एक्झॉस्टमधल्या सगळ्या अडचणी या हातभर जागेत एकत्र आल्या आहेत, आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच आहे: उष्णता. कोणता नट का जाम होतो, कुठे स्प्रिंग लावलेली असते, गॅस्केट पुन्हा का वापरायची नाही, इथल्या प्रत्येक ‘का’चं उत्तर तापमानापाशी येऊन थांबतं.

आधी टर्बोबद्दल थोडं. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून वाया जातो. त्यातला काही भाग परत मिळवावा, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये पेटंट करून ठेवली होती. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एक चाक जळालेल्या वायूच्या झोताने फिरतं, त्याबरोबर फिरणारं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. हे जहाजांत आणि विमानांत लवकर आलं. मोटारीत यायला 1962 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन गाड्या टर्बो घेऊन आल्या. 1978 मध्ये मर्सिडीजने 300 एसडी ही टर्बो डिझेल कार विकायला काढली. आज आपल्या रस्त्यांवरच्या डिझेल गाड्या जवळपास सगळ्या टर्बोच्या, आणि एक लिटरच्या आसपासची पेट्रोल इंजिनंही त्याच वाटेने चालली आहेत.

डब्ल्यूआरएक्स जपानमध्ये नव्वदच्या दशकापासून होती. अमेरिकेत ती 2002 चं मॉडेल म्हणून आली: दोन लिटरचं इंजिन, 227 अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, किंमत तरुण नोकरदाराला झेपेल अशी. टर्बो मित्सुबिशीचा. त्याचं चाक पूर्ण जोरात असताना मिनिटाला लाखाच्या कितीतरी वर फेरे घेतं. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या वाटेत वाळूचा खडा आला तरी पुरे. आणि नेमकं त्या वाटेवर, चाकाच्या अगदी तोंडाशी, कंपनीने एक ठिसूळ चिनीमातीची वस्तू बसवली होती.

ती वस्तू म्हणजे छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि जाळीच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या थराशी आली की त्यांचं बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. अमेरिकेत 1975 च्या मॉडेलपासून हे यंत्र सर्रास बसू लागलं, आणि त्यापायी शिशाचं पेट्रोल हद्दपार होत गेलं, कारण शिशाने हा थर निकामी होतो. आपल्याकडे या यंत्राची ओळख बऱ्याच लोकांना चोरीच्या बातम्यांतून झाली. पुण्या-नाशकात आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून गायब होऊ लागले तेव्हा लोक चक्रावले. चोरांना पत्र्यात रस नव्हता, आतल्या जाळीची माती हवी होती. त्या मातीत ऱ्होडियम होतं, आणि ऱ्होडियम काही काळ सोन्याच्या कित्येक पट भावाने विकलं जात होतं.

आता ही जाळी टर्बोच्या आधी का? कारण ती थंड असताना काम करत नाही. साधारण 250 ते 300 अंश सेल्सियस तापल्यावरच ती जागी होते. सकाळी गाडी सुरू केल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यात जास्त प्रदूषणाची असतात, आणि टर्बोच्या पुढची मुख्य जाळी तापायला वेळ लागतो, कारण टर्बोचा ओतीव लोखंडाचा जाडजूड गोळा मधली उष्णता स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून इंजिनाजवळ एक छोटी जाळी जास्तीची दिली, की ती लगेच तापेल. हिशेब चुकीचा नव्हता. पण तीच जागा पुढे महामार्गावर जोर लावला की सगळ्यात जास्त भाजणारी. टर्बो पेट्रोल इंजिनात तिथला वायू 900 अंशांपर्यंत जाऊ शकतो. रोज तापणं, रोज थंड होणं, वरून इंजिनाची थरथर. वर्षं सरली की सिरॅमिकला तडे जातात, तुकडे सुटतात आणि सुटलेल्या तुकड्याला जायला एकच दिशा असते: टर्बोची पाती. कंपनीच्या हे लक्षात आलेलं दिसतं, कारण अमेरिकेत 2004 चं मॉडेल म्हणून आलेल्या एसटीआय या जास्त ताकदीच्या आवृत्तीच्या अप-पाइपात जाळी नव्हती, आणि 2006 मध्ये डब्ल्यूआरएक्सला अडीच लिटरचं इंजिन मिळालं तेव्हा तिच्यातूनही ती गेली. 2015 पासून तर डब्ल्यूआरएक्सचा टर्बोच खाली, इंजिनाच्या पुढच्या अंगाला आला आणि वर चढणारा पाइप लागेनासाच झाला.

राहिल्या त्या आधीच्या गाड्या. त्यांच्या मालकांनी पाने हातात घेतले.

हे अमेरिकेत घरी होतं आणि आपल्याकडे क्वचित, याचं कारण हौसेपेक्षा हिशेबात आहे. तिथे घराला जोडून गॅरेज असतं, दारासमोर सिमेंटचा सपाट रस्ता असतो आणि मेकॅनिकची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर जाते. आपल्याकडे ठाण्याच्या सोसायटीत दोन गाड्यांच्या मधून माणूस आडवा होऊन जातो, तिथे जॅक लावून दिवसभर गाडी उघडी ठेवली तर संध्याकाळी सेक्रेटरी दारात. शिवाय कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचे हात या कामात आपल्या हातांपेक्षा दहापट तयार असतात आणि त्याची मजुरी अजून परवडते. इंग्लंड-अमेरिकेत घरी काम करणाऱ्याला पुस्तकांचाही मोठा आधार राहिला. जॉन हेन्स या इंग्रज माणसाने 1966 मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचं पुस्तक काढलं, गाडी खरोखर सुटी करून, पुन्हा जोडून, दर पायरीला फोटो घेऊन. पुढे जवळपास प्रत्येक लोकप्रिय गाडीचं असं पुस्तक निघत गेलं. सुबारूचं अधिकृत वर्कशॉप मॅन्युअलही मिळतं, आणि या कामाला ते लागतंच. कोणता नट किती घट्ट करायचा हे आकडे अंदाजाने घ्यायचे नसतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती बहुतेकजण शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार गाडीतलं प्रदूषण रोखणारं यंत्र काढून टाकणं बेकायदा आहे, आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर ही बंदी गॅरेजवाल्यापुरती न राहता खासगी मालकालाही लागू झाली. जाळीचा अप-पाइप काढून त्या जागी एसटीआयचा बिनजाळीचा पाइप लावणं हा या गाडीवरचा सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे आणि कायद्याच्या नजरेत तो बसत नाही. पुढे मुख्य जाळी शाबूत असली तरी नाही. टर्बो वाचतो हा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो, पण न्यायालयात तो कामाचा नाही. सरळ मार्ग म्हणजे तसाच जाळीचा नवा पाइप. जाळीवर अमेरिकी केंद्र सरकारने सक्तीची केलेली 8 वर्षं किंवा 80,000 मैलांची हमी होती. तेवढ्या काळात ती फुटली तर कंपनीने फुकट बदलून द्यायची. या गाड्यांची ती मुदत केव्हाच उलटली. कॅलिफोर्नियात तर बाहेरून घेतलेल्या सुट्या भागावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि आवाज-धुराच्या नियमांचा भंग झाला तर कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोठा आवाज करणारा पाइप लावून फिरणाऱ्या पोरांना हे वाहतूक पोलीस अधूनमधून समजावत असतात, कधी कधी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवून.

आता उष्णतेकडे. एक मीटर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा पाइप 600 अंशांनी तापला की सुमारे एक सेंटिमीटरने लांब होतो. इंजिन एका टोकाला घट्ट धरलेलं, पाइपाचं दुसरं टोक मागच्या बंपरखाली, आणि मधे हा सेंटिमीटर रोज येणार, रोज जाणार. दोन्ही टोकं पक्की आवळली तर पाइप कुठेतरी फाटेलच. म्हणून गाडीच्या खाली पाइप रबराच्या कड्यांवर टांगलेला असतो. म्हणून डाउनपाइपच्या मागच्या टोकाला साधे बोल्ट नसतात. तिथे मधे एक गोल कडं आणि दोन बोल्टांवर जाड स्प्रिंगा असतात, की जोड थोडा वळेल, सरकेल, पण गळणार नाही. नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो: स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत बोल्ट पिळतो. मग तो जोड हलायचा थांबतो आणि ताण दुसरीकडे, बहुधा एखाद्या वेल्डवर, जाऊन बसतो.

तीच उष्णता नटांनाही जाम करते. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये केसाइतकी फट असते. ती गंजाने ठासून भरली जाते. भट्टीसारख्या तापमानात हे वर्षानुवर्षं चाललं की नट आणि तो ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, वेगळे राहत नाहीत. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ओहायो-मिशिगनमधली दहा वर्षांची गाडी खालून पाहिली की ॲरिझोनातली वीस वर्षांची नवी वाटते. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. खाऱ्या हवेत सायलेन्सर किती पावसाळे काढतो हे त्याला ठाऊक असतं.

म्हणून हे काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. गाडी थंड झाल्यावर दिसेल त्या प्रत्येक नटावर गंज सोडवणारं पातळ तेल मारायचं, तासाभराने पुन्हा मारायचं आणि झोपायला जायचं. हे तेल बारीक फटींत आपोआप शिरतं, पण त्याला वेळ हवा. जाहिरातीत दाखवतात तसं दोन मिनिटांत काही होत नाही.

सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मागच्या चाकांना अडण लावायची आणि गाडीचं पुढचं अंग उचलायचं. जॅक उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी तोलून धरण्याचं काम जॅक स्टँडचं, आणि स्टँडशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. स्टँडही डोळे झाकून घ्यायचे नसतात: 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीला दहा लाखांहून जास्त स्टँड परत मागवावे लागले, कारण वजन असताना त्यांची दाती निसटू शकत होती, आणि बदली म्हणून दिलेल्यांपैकी काही पुन्हा परत घ्यावे लागले. स्टँडवर गाडी टेकली की बंपर धरून जोराने हलवायची. पडायचीच असेल तर आपण बाहेर असताना पडू दे. मी तर काढून ठेवलेली चाकंही आडवी करून गाडीखाली सरकवायला सांगेन; त्याला पैसे लागत नाहीत.

वरून इंटरकूलर काढणं सोपं. दोन रबरी नळ्यांचे क्लॅम्प, थोडे बोल्ट, आणि तो उचलून बाजूला. खाली टर्बो दिसतो, उष्णता अडवणाऱ्या पत्र्यांच्या कवचात. त्या पत्र्यांचे छोटे बोल्ट सगळ्यात आधी दगा देतात. डोकं झिजून गोल होतं किंवा तुटून हातात येतं. त्यावर फार जीव जाळायचा नाही, पत्र्याचे बोल्ट नवे मिळतात. मग डाउनपाइप. त्यात ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. सेन्सरची ही जात 1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आली; एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरला हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. तो काढायला 22 मिलिमीटरचं, एका बाजूने फाटलेलं सॉकेट मिळतं, कारण वायर त्या फटीतून बाहेर यावी लागते. पाना ओढताना वायरच पिळून तुटल्याची उदाहरणं कमी नाहीत. डाउनपाइप टर्बोपासून, गिअरबॉक्सच्या पट्टीपासून आणि मागच्या स्प्रिंगच्या जोडापासून सुटला की खाली यायला निघतो, तेव्हा खालून धरायला दुसरा माणूस हवा. रबरी कड्यांतून दांडे निघेनात तर साबणाचं पाणी लावायचं; गंजाचं तेल रबर फुगवतं.

आणि मग येतात टर्बोवरचे ते नट. अप-पाइपच्या वरच्या टोकाला टर्बोच्या तोंडाशी तीन नट आहेत. दोन दिसतात. तिसरा मागे, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला, डोळ्यांना दिसतच नाही. त्याला बोटांनी शोधायचं. सहा बाजूंचं सॉकेट हवं, बारा बाजूंचं इथे चालत नाही, कोपरे झिजवून टाकतं. सॉकेटला मधे वळणारा सांधा आणि हातभर लांब एक्स्टेन्शन लावून ते खालून वर चढवायचं, डाव्या हाताच्या बोटांनी नटावर बसवायचं आणि उजव्या हाताने दांडा धरायचा. बसलं की हाताला कळतं. तिरकं बसलं असेल तर दांडा दाबल्यावर किंचित वाकतो. आता लगेच सोडवायच्या दिशेने झटका द्यायचा नाही. आधी अगदी थोडं घट्ट करायच्या दिशेने दाबायचं. गंजाचा थर तडकला की एक बारीक ‘कट’ असा आवाज येतो. मग उलट दिशेने एक अष्टमांश फेरा. पुन्हा थोडा घट्ट. पुन्हा तेल. पुन्हा थोडा सैल. नट कुरकुरत येतो, आणि तो कुरकुरतोय तोवर भीती नाही. भीती त्या क्षणी असते, जेव्हा तो अचानक मऊ होतो. मऊ होणं म्हणजे नट सुटणं नव्हे. बहुधा स्टड पिळला जातोय आणि पुढच्या पाव फेऱ्यात तुटणार आहे. तिथे थांबायचं.

थांबून करायचं काय? नट तापवायचा. छोट्या गॅस टॉर्चने फक्त नट, स्टड नाही, म्हणजे नट प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सुटते. पण आधी मारलेलं तेल पेट घेऊ शकतं, जवळच इंधनाच्या आणि शीतद्रवाच्या नळ्या आहेत, म्हणून अग्निशामक हाताशी हवा. आणि ब्रेक साफ करायचा क्लोरिनवाला स्प्रे त्या भागावर मारलेला असेल तर टॉर्च अजिबात पेटवायचा नाही. तो द्रव तापला की फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. इतकं करूनही स्टड तुटलाच, तर पुरेसा बाहेर राहिला असेल तिथे दोन नट एकावर एक आवळून त्याला बाहेर काढता येतं. जोडाच्या सपाट पट्टीच्या (फ्लँजच्या) पातळीला तुटला तर टर्बो पूर्ण काढून वर्कशॉपमध्ये न्यावा लागतो. हे काम घरी करणाऱ्यांनी ही शक्यता आधीच धरून चालावं. शनिवारी सकाळी सुरू केलेलं काम सोमवारी ऑफिसला जायच्या गाडीवर करू नये, एवढंच.

खालच्या टोकाचे नट सुटले, टर्बोचा आधार सैल करून तो इंचभर वर उचलला, की अप-पाइप खालून बाहेर येतो. काही जण टर्बो पूर्णच काढतात. ते जास्त वेळाचं पण जास्त निवांत. पाइप हातात आल्यावर तो हलवून पाहावा. जाळी खुळखुळली तर समजायचं की काम वेळेत झालं की उशिरा, हे आता टर्बो सांगेल. टर्बोच्या उघड्या तोंडात बॅटरी मारून पात्यांच्या कडा बघायच्या. कडा सलग असाव्यात. खरवडलेल्या, दातेरी दिसल्या तर तुकडे आत गेलेत. चाक बोटाने फिरवायचं. बाजूला किंचित हलणं स्वाभाविक आहे, कारण दांडा तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे हलता कामा नये, आणि फिरताना आवरणाला घासता कामा नये. पाहून झालं की दोन्ही तोंडात स्वच्छ फडकी कोंबायची, आणि किती कोंबली ते लिहून ठेवायचं.

जोडणी म्हणजे काढणीचा उलटा क्रम, असं मॅन्युअलं लिहितात. पूर्ण खरं नाही. काढताना घाई चालते, जोडताना नाही. जुन्या गॅस्केटचे अवशेष पितळी ब्रशने आणि खरवडणीने काढून पट्ट्या चकचकीत करायच्या. नवी गॅस्केट ही पातळ पत्र्यांच्या थरांची असते, त्यावर उठावाच्या रेषा असतात. पहिल्यांदा आवळल्यावर त्या रेषा चपट्या होऊन फट बंद करतात. चपटी झालेली गॅस्केट दुसऱ्यांदा तेच करू शकत नाही, म्हणून ती टाकून द्यायची, कितीही चांगली दिसली तरी. सिलिकॉनची पेस्ट लावायचा मोह होतो. टर्बोच्या आधीच्या तापमानात ती जळून जाते, आणि तिच्या वाफांनी ऑक्सिजन सेन्सर निकामी होतो ते वेगळंच.

नवे स्टड, नवे नट, आणि आट्यांवर जाम न होऊ देणारा लेप. निकेलचा लेप तांब्याच्या लेपापेक्षा जास्त तापमान सोसतो, म्हणून टर्बोपाशी निकेलच. लेपाने आटे निसरडे होतात, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्याइतकं आवळलं तर प्रत्यक्षात जास्त ताण बसतो. आकडा थोडा कमी धरायचा. सगळे नट आधी दोन्ही टोकांना हातानेच बसवायचे. पाइप आपल्या आपण, बिनजोराने, दोन्ही पट्ट्यांवर सपाट टेकला पाहिजे. नट आवळून पाइप ओढून जागेवर आणला, तर तो ताण थंड असताना दिसत नाही. चार वेळा तापून निवल्यावर वेल्डला चीर पडून दिसतो. सपाट टेकल्यावर मग टॉर्क रेंचने, आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत.

टर्बोच्या आधीची बारीकशी गळतीही महाग पडते, कारण जो दाब चाक फिरवणार तोच बाहेर जातो. इंजिन चालू करण्याआधीच गळती शोधता येते: व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड मागच्या पाइपात कपड्याने घट्ट बसवायचं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे आले की जागा सापडली. मग गाडी मोकळ्या जागेत, गॅरेजच्या बाहेर, सुरू करायची. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. बंद गॅरेजात तो आल्याचं नाकाला कळत नाही. पहिली काही मिनिटं बॉनेटखालून पांढरा धूर येईल. घाबरायचं कारण नाही, ते हाताचं तेल आणि गंजाचं तेल जळतंय. ‘टिक टिक टिक’ असा आवाज थंड इंजिनात येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल तर मात्र जोड गळतोय: लोखंड तापून फट बुजते आणि आवाज लपतो. म्हणून खरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना.

दोन-चारदा तापून निवल्यावर, थंड गाडीवर, सगळे नट पुन्हा एकदा रेंचने तपासायचे. गॅस्केट बसते तशी पकड थोडी सैल होते. बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटरने शिकलेले आकडे पुसले गेलेले असतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस गाडी थांबलेली असताना इंजिन जरा अडखळेल. याच कारणाने जिथे प्रदूषणाची वार्षिक तपासणी कॉम्प्युटरला जोडून होते, तिथे लगेच जाऊ नये. आतल्या स्वयंतपासण्या पूर्ण झालेल्या नसतात, आणि तपासनीस गाडीत काहीही दोष नसताना ती परत पाठवतो. थोडे दिवस शहरात, थोडं महामार्गावर चालवून, मगच तारीख घ्यावी.